व्हायोलिन : त्याची घडण, इतिहास व साधना

वाद्यांचे ढोबळ मानानें दोन वर्ग करतां येतील. कांहीं वाद्यांचे स्वर कारागिरानें आधींच ठरवून ठेविलेले असतात. बाजाच्या पेटीची पट्टी दाबली कीं ठरलेला स्वर निघतो. मग ती पट्टी एखाद्या थोर गवयानें दाबलेली असो वा खेळणाऱ्या बालकानें. दुसऱ्या वर्गांतील वाद्यांवर स्वर कोठेंच मांडून ठेविलेला नसतो. तो वादकाला आपल्या कानानें शोधून आपल्याच बोटानें पकडावा लागतो. व्हायोलिन हें ह्या दुसऱ्या वर्गांतलें. सतारीप्रमाणें त्याला पडदे नाहींत, पेटीप्रमाणें पट्ट्या नाहींत. तारांखालीं केवळ एक गुळगुळीत काळी फळी आहे. ह्या एका गोष्टीमुळें तें शिकावयास कठीण झालें, आणि ह्याच एका गोष्टीमुळें इटलींत जन्मलेलें हें वाद्य आमच्या रागदारीची भाषा बोलूं शकलें. प्रस्तुत लेखांत ह्या दोन्ही गोष्टींचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मुलानें किंवा मुलीनें व्हायोलिन शिकण्याची इच्छा दर्शविली म्हणजे घरांतील वडील माणसें बहुधा दोन शंका काढतात. एक अशी कीं, हें वाद्य परदेशचें, त्याचा आपल्याशीं संबंध काय? दुसरी अशी कीं, ह्याच्या पायीं शाळेचा अभ्यास तर बुडणार नाहीं ना? ह्या शंका उडवून लावण्याजोग्या नाहींत. पहिलीचें उत्तर वाद्याचा इतिहास देईल. दुसरीचें उत्तर त्याची साधना देईल. परंतु आरंभ घडणीपासून करणें बरें. कारण वाद्य कळल्याखेरीज त्याचा इतिहास कळत नाहीं.

वाद्याची घडण

पूर्ण आकाराचें व्हायोलिन सुमारें ६० सेंटिमीटर लांब असतें, आणि वजनानें अर्ध्या किलोहून कमी भरतें. तरी एवढ्याशा वस्तूंत लहानमोठे सत्तरांच्या आसपास भाग असतात. वरचा तक्ता स्प्रूस नांवाच्या हलक्या लांकडाचा, पाठ व कडा मेपल नांवाच्या टणक लांकडाच्या, आणि बोटें फिरवावयाची पट्टी काळ्या आबनुसाची. आबनुसाचें झाड दक्षिण हिंदुस्थानांत व लंकेंत होतें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. हे भाग खिळ्यांनीं ठोकलेले नसून सरसानें जोडलेले असतात. तारा चार, त्या मानेच्या टोकाशीं खुंट्यांना गुंडाळतात आणि मधोमध एका पातळ लाकडी घोडीवरून जातात. पूर्वीं ह्या तारा जनावरांच्या आंतड्यांच्या तातीच्या असत; आतां त्या बहुधा पोलादाच्या किंवा कृत्रिम धाग्याच्या असतात.

घोडीच्या एका पायाजवळ, पोटाच्या आंत, एक लहानशी काडी वरचा तक्ता आणि पाठ ह्यांच्यामध्यें उभी बसविलेली असते. ती चिकटविलेली नसते. केवळ दाबानें उभी राहते. बाहेरून ती दिसतही नाहीं. पण ती किंचित् सरकली तर आवाज बिघडतो, आणि पडली तर वाद्य मुकें झाल्यासारखें होतें. इटालियन लोकांनीं ह्या काडीला ‘आत्मा’ असें नांव दिलें आहे, तें यथार्थ आहे.

वाजविण्याच्या काठीला आम्ही गज म्हणतों. तिला घोड्याच्या शेपटीचे केस ताणून लाविलेले असतात व त्या केसांना राळ घांशितात. राळेवांचून गज तारेवरून नुसता घसरतो आणि नाद निघत नाहीं.

नाद कसा उमटतो

राळ लावलेला केस तारेला चिकटतो व तिला आपल्याबरोबर ओढून नेतो. ताण वाढला कीं तार निसटून मागें येते, आणि पुन्हां चिकटते. हें चिकटणें व निसटणें एका सेकंदांत शेंकडों वेळां घडतें. पाश्चात्त्य पद्धतीनें जुळविलेल्या व्हायोलिनच्या दुसऱ्या तारेवर तें सेकंदास ४४० वेळां घडतें. आणि कानाला मात्र एकच अखंड स्वर ऐकूं येतो.

ह्या विषयाचा शोध घेणाऱ्या शास्त्रज्ञांत ज्यांचा मान मोठा आहे, अशा एका थोर पुरुषाचें वास्तव्य कांहीं काळ आमच्या नागपुरांत होतें, हें आमच्या विद्यार्थ्यांपैकीं फारच थोड्यांस ठाऊक असेल. ते म्हणजे सर चंद्रशेखर वेंकट रामन. ते त्या वेळीं सरकारच्या हिशेब खात्यांत अधिकारी होते, आणि १९१० सालीं त्यांची रंगूनहून नागपुरास बदली झाली होती. वर्ष पुरें होण्याच्या सुमारास, १९११ सालीं, ते येथून कलकत्त्यास गेले. त्यांच्या वडिलांना व्हायोलिनची आवड होती. कचेरीचें काम सांभाळून रामन फावल्या वेळांत तारांच्या कंपनांचा अभ्यास करीत. १९१८ सालीं त्यांनीं गजानें वाजणाऱ्या तारांच्या कंपनांवर व व्हायोलिनच्या जातीच्या वाद्यांवर एक मोठा प्रबंध प्रसिद्ध केला. माणसाच्या हाताचा दाब व वेग क्षणोक्षणीं बदलतो, म्हणून पुढें त्यांनीं यंत्राच्या साहाय्यानें व्हायोलिन वाजवून त्याचीं मोजमापें घेतलीं. प्रकाशाच्या संशोधनासाठीं त्यांस १९३० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, हें सर्वांस विदित आहे. परंतु त्याआधीं त्यांचे कान तारेकडे लागलेले होते.

आतां थोडें गणित पाहूं. व्हायोलिनच्या मोकळ्या तारेची लांबी सुमारें ३३ सेंटिमीटर असते. ह्या तारेला आपण षड्ज मानलें तर चौथाई लांबीवर, म्हणजे सुमारें सव्वाआठ सेंटिमीटरांवर, शुद्ध मध्यम येतो. तिसऱ्या हिश्शावर, म्हणजे ११ सेंटिमीटरांवर, पंचम. आणि बरोबर अर्ध्यावर तार षड्ज. त्याच्या पुढच्या सप्तकांत हीं सर्व अंतरें निम्मीं होतात. म्हणजे वर वर जावें तसतशी स्वरांची जागा आंखूड होत जाते, आणि तांदळाच्या दाण्याच्या रुंदीइतकें बोट सरकलें तरी जाणत्याच्या कानाला तें खटकतें. ही जागा दाखविणारी खूण कोठेंही नाहीं. ती खूण कानांत तयार करावी लागते. भूमितीच्या तासाला कंटाळणाऱ्या विद्यार्थ्यानें फूटपट्टी घेऊन एकवार हा पडताळा अवश्य पाहावा.

जन्मभूमि

व्हायोलिनचा जन्म उत्तर इटलींत १६ व्या शतकाच्या पूर्वार्धांत झाला. गजानें वाजणारीं वाद्यें त्याआधीं अनेक देशांत होतीं. आमच्याकडे सारंगी आहे, राजस्थानांत व गुजराथेंत रावणहत्था आहे. त्यावरून व्हायोलिन मुळांत आमचेंच, असें अभिमानानें सांगणारे लोक भेटतात. असल्या अभिमानाची आम्हांस गरज वाटत नाहीं. आजच्या रूपांतलें व्हायोलिन इटालियन कारागिरांनींच घडविलें, हें मोकळ्या मनानें मान्य केल्यानें आमचें कांहीं उणें होत नाहीं.

क्रेमोना ह्या गांवीं आंद्रेआ आमाती ह्यानें ह्या कलेची परंपरा घातली. त्याच गांवच्या आंतोनियो स्त्रादिवारी ह्यानें तिला कळस चढविला. तो १७३७ सालीं वारला, तेव्हां अतिशय वृद्ध असून अखेरपर्यंत काम करीत होता. त्याच्या हातचीं सहाशेंहून अधिक वाद्यें आजही शिल्लक आहेत आणि तीं कोट्यवधि रुपयांना विकलीं जातात. परंतु किंमत आणि आवाज ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या पॅरिसच्या एका प्रयोगांत दहा नामांकित वादकांना, डोळ्यांना दिसणार नाहीं अशी योजना करून, जुनीं इटालियन व नवीं व्हायोलिनें वाजवावयास दिलीं; त्यांतल्या सहाजणांनीं नवें वाद्य पसंत केलें. महाग वाद्य घेतल्याखेरीज मुलाचा हात तयार होणार नाहीं असें मानणाऱ्या पालकांनीं हें लक्षांत घ्यावें.

व्हेनिस शहरांत अंतोनियो विवाल्दी हा धर्मोपदेशक १७०३ सालापासून एका अनाथाश्रमांतील मुलींना व्हायोलिन शिकवीत असे. त्या मुलींचें वादन ऐकावयास दूरदूरचे प्रवासी येत. ज्यांना आईबाप नव्हते, अशा मुलींच्या हातीं युरोपांतील एक उत्तम वाद्यवृंद तयार झाला, ही गोष्ट शाळेच्या वार्षिकांत नमूद करण्याजोगी आहे.

तंजावरचे मराठी राजे

भोसले हें नांव नागपुरास नवें नाहीं. परंतु येथल्या भोसल्यांहून निराळें असें एक भोसले घराणें दूर दक्षिणेस, तामिळ मुलखांत, राज्य करीत होतें. शिवछत्रपतींचे सावत्र बंधु व्यंकोजीराजे ह्यांनीं १७ व्या शतकांत तंजावरास त्याची स्थापना केली, आणि पुढें सुमारें पावणेदोनशें वर्षें कावेरीच्या कांठीं मराठी भाषा दरबारांत नांदली. ह्या घराण्यांतील दुसरे सरफोजीराजे (१७७७–१८३२) ह्यांचें शिक्षण ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ ह्या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखालीं झालें. राजे अनेक भाषा जाणणारे, ग्रंथांचे व शास्त्रांचे भोक्ते होते. त्यांनीं वाढविलेल्या सरस्वतीमहाल ग्रंथालयांत संस्कृत, तामिळ व मराठी पोथ्यांच्या शेजारीं पाश्चात्त्य संगीताचीं स्वरलेखनें ठेवलेलीं आहेत. आणि त्यांच्या दरबारीं एतद्देशीय गायकवादकांबरोबर पाश्चात्त्य वाद्यांचा ताफाही होता.

त्याच काळांत मद्रासजवळ मणली येथें बालुस्वामी दीक्षित नांवाचा तरुण एका युरोपियन वादकापाशीं व्हायोलिन शिकत होता. थोर वाग्गेयकार मुत्तुस्वामी दीक्षित ह्यांचा हा धाकटा भाऊ. मुत्तुस्वामींनीं स्वतः इंग्रजी बँडच्या चालींवर संस्कृत पदें रचिलीं. आणि बालुस्वामींनीं उलट दिशेनें जाऊन इंग्रजी वाद्यावर कर्नाटक संगीत उतरविलें. मुत्तुस्वामींच्या शिष्यांपैकीं वडिवेलु हा तंजावर दरबाराच्या आश्रयास असलेल्या चार कलावंत बंधूंतला एक. तो पुढें त्रावणकोरास गेला, आणि तेथील महाराज स्वाति तिरुनाळ ह्यांनीं त्याचें वादन ऐकून १८३४ सालीं त्याला हस्तिदंती व्हायोलिन बक्षीस दिलें. तेव्हांपासून आजपर्यंत कर्नाटक गायनाची बैठक बहुधा व्हायोलिनच्या साथीवांचून होत नाहीं.

असें कां झालें, ह्याचें उत्तर आम्हीं आरंभींच सूचित केलें आहे. पडदे नसल्यामुळें एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणें, म्हणजेच मींड व गमक, ह्या वाद्यावर साधतें. पेटीचें तसें नाहीं. तीही युरोपांतूनच आली. परंतु तिचे स्वर ठाम बसविलेले असल्यानें तिच्यावर आक्षेप आला, आणि आकाशवाणीनें १९४० सालापासून सुमारें तीस वर्षें तिला आपल्या कार्यक्रमांत मज्जाव केला. व्हायोलिनला असा मज्जाव झाला नाहीं. दोघेंही परदेशचे पाहुणे. परंतु एकानें यजमानाची भाषा पुरी उचलली, म्हणून तो घरचाच झाला.

गोव्याचे अनामिक वादक

महाराष्ट्राच्या दारीं व्हायोलिन आलें तें मात्र दुसऱ्या वाटेनें, गोव्याहून. पोर्तुगीज राज्य आल्यावर तेथें गांवोगांवच्या चर्चला जोडून शाळा निघाल्या. त्यांत मुलांना स्वरलिपि वाचावयास, समूहांत गावयास आणि व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. कोंकणींत व्हायोलिनला ‘रेबेक’ म्हणतात. आणि मांडो ह्या गोव्याच्या गीतप्रकाराला रेबेकची व घुमटाची साथ असते. एक वाद्य युरोपाचें, दुसरें गोव्याच्या मातीचें; दोघें एकाच गाण्यांत सुखानें नांदतात.

गोव्यांत उपजीविकेचीं साधनें थोडीं, म्हणून हे शिकलेले तरुण मुंबईची वाट धरीत. मूकपटांच्या नाट्यगृहांत, हॉटेलांत आणि पुढें बोलपटांच्या ध्वनिमुद्रणांत त्यांनीं आयुष्यें वेंचिलीं. माजोर्डा गांवचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे अशांपैकींच. त्यांचे वडील गांवच्या चर्चमध्यें गायकवृंदाचे प्रमुख होते. रागदारी आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद ह्यांचा मेळ घालण्याचा त्यांस ध्यास होता, आणि १९५८ सालीं मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत त्यांनीं लता मंगेशकर व मन्ना डे ह्यांना घेऊन शेंकडा वादकांचा मेळ उभा केला. त्यांचे शिष्य प्यारेलाल शर्मा ह्यांनीं १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’ ह्या चित्रपटांतील एका गाण्यांत गुरूचें नांव गोंविलें. तें नांव सर्व देशानें गुणगुणलें. परंतु तें कोणा खऱ्या माणसाचें आहे, हें गुणगुणणाऱ्यांना ठाऊक नव्हतें.

त्यांचें नांव निदान गाण्यांत तरी राहिलें. त्यांच्या शेजारीं बसून वाजविणाऱ्या बहुतेकांचें नांव तबकड्यांच्या वेष्टनांवर आलें नाहीं. जुन्या चित्रगीतांत गायक श्वास घेण्यास थांबतो तेव्हां व्हायोलिनांची जी लाट उठते, ती कोणाच्या तरी गांवच्या शाळेंत गिरविलेल्या धड्यांतून उठलेली आहे. आमच्या वाचकांनीं पुढील वेळीं असें गाणें ऐकतांना तेवढें स्मरण ठेवावें, एवढीच आमची विनंति आहे.

महाराष्ट्रांतील साधक

हिंदुस्थानी संगीतांत साथीला सारंगी व पेटी होतीच; म्हणून येथें व्हायोलिननें स्वतंत्र वादनाचा मार्ग धरिला. गजाननराव जोशी (१९११–१९८७) हे स्वतः मोठे गवई. ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर अशा तीन घराण्यांची विद्या त्यांनीं मिळविली, आणि गळ्यांत असलेली गायकी तारेवर उतरविली. विष्णु गोविंद जोग (१९२२–२००४) ह्यांनीं लखनौ व कलकत्ता येथें राहून ह्या वाद्याला देशभर मान मिळवून दिला; बिस्मिल्लाखाँसाहेबांच्या सनईबरोबरची त्यांची जुगलबंदी रसिक अजून आठवतात. त्यांस १९८३ सालीं पद्मभूषण मिळालें. गोव्याचे श्रीधर पार्सेकर अल्पायुषी ठरले, तरी त्यांच्या हाताचा गोडवा जाणकारांच्या तोंडीं राहिला. कुरुंदवाड हें पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर ह्यांचें जन्मगांव. तेथेंच जन्मलेले दामोदर केशव दातार (१९३२–२०१८) ह्यांनीं व्हायोलिनवर ख्याल अगदीं गळ्यांतून निघाल्यासारखा गाऊन दाखविला. दक्षिणेंतून आलेल्या एन. राजम् ह्यांनीं पंडित ओंकारनाथ ठाकुरांपाशीं शिकून हीच गायकीची वाट बनारसेस राहून प्रशस्त केली.

आमच्या वादकांनीं वाद्यांत कांहींच बदललें नाहीं, पण धरण्याची रीत सर्वस्वी बदलली. युरोपियन वादक उभा राहून किंवा खुर्चीवर बसून हनुवटीखालीं वाद्य धरितो. आमचा वादक मांडी घालून बसतो, वाद्याचें वेटोळेदार टोंक उजव्या पावलावर टेकवितो आणि दुसरें टोंक छातीशीं व खांद्याशीं लावितो. त्यामुळें वाद्य सांवरण्याचें ओझें डाव्या हातावर पडत नाहीं; हात मोकळा होऊन पट्टीच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सरकूं शकतो. तारा जुळवितांनाही षड्ज व पंचम ह्यांच्या जोड्या लावण्याची रीत पडली. एवढ्या दोन युक्त्यांनीं वाद्याचें सगळें वळण पालटलें.

साधना व निगा

शिकूं इच्छिणाऱ्यांस आमचें पहिलें सांगणें असें कीं, आरंभीं बोटांची घाई करूं नये. पहिले कांहीं आठवडे तंबोऱ्याच्या सुरांत मोकळ्या तारेवर सावकाश गज ओढावा. तो घोडीला समांतर राहील, दाब सारखा राहील, आणि टोंकाशीं आवाज कांपणार नाहीं, इकडे लक्ष द्यावें. मग एकेक स्वर गळ्यानें म्हणून तारेवर शोधावा. जो स्वर गातां येत नाहीं, तो व्हायोलिनवर सांपडत नाहीं. ह्या दिवसांत घरच्या मंडळींना व शेजाऱ्यांना थोडें सोसावें लागतें, हें खरें. परंतु लहान मूल बोलूं लागतें तेव्हां त्याचे बोबडे बोल आपण सोसतोंच. आठवड्यांतून एकदां चार तास बसण्यापेक्षां रोज अर्धा तास बसणें फलदायी होतें. लहान मुलांसाठीं पाव, अर्ध्या व पाऊण मापाचीं वाद्यें मिळतात. हाताला न झेपणारें मोठें वाद्य देऊन त्यांचा हात वांकडा करूं नये.

नागपुरांत वाद्याची निगा हा स्वतंत्र विषय आहे. वैशाखांत येथें पारा ४५ अंशांच्या वर चढतो, हवा कोरडी ठणठणीत होते. लांकूड आकसतें, खुंट्या सुटतात, सरस मऊ होऊन जोड उकलतात आणि कधीं तक्त्याला चीरही जाते. म्हणून वाद्य उन्हांत, पत्र्याच्या खोलींत किंवा बंद मोटारींत ठेवूं नये; कूलरच्या ओल्या झोतासमोरही ठेवूं नये, कारण एकदम कोरडें व एकदम ओलें होणें लांकडास सर्वांत घातक. मृगाचा पाऊस सुरू झाला कीं उलट प्रकार. खुंट्या फुगून अडकतात आणि गजाचे केस सैल पडतात. वाजविणें संपलें कीं तारांवरची राळ मऊ कापडानें पुसावी, गजाचा ताण सैल करावा, आणि वाद्य पेटींत ठेवावें. ज्याला हें पांच मिनिटांचें काम नियमानें करतां येतें, त्याच्या दप्तरांतील वह्याही बहुधा नीट असतात.

पालकांच्या दुसऱ्या शंकेचें उत्तर येथेंच आहे. व्हायोलिन शिकणाऱ्या मुलाला आपली चूक शिक्षकानें लाल शाईनें दाखविण्याची वाट पाहावी लागत नाहीं. ती त्याला त्याच क्षणीं ऐकूं येते, आणि त्याच क्षणीं बोट सरकवून ती सुधारावी लागते. चूक ऐकण्याची व निमूटपणें सुधारण्याची ही संवय एकदां जडली म्हणजे ती गणिताच्या वहींतही उतरते, निबंधांतही उतरते, आणि पुढें संसारांतही उपयोगी पडते. अर्धा तास देऊन एवढें मिळत असेल तर व्यवहार तोट्याचा नाहीं. आणि परकेपणाविषयीं म्हणाल, तर तंजावरच्या दरबारानें, गोव्याच्या गांवशाळांनीं आणि महाराष्ट्रांतील साधकांनीं त्याचा निकाल केव्हांच लावून ठेविला आहे. वाद्य ज्याच्या कानाला व बोटाला वश झालें, त्याचें तें झालें. पट्टी अजून तशीच कोरी आहे. तिच्यावर स्वर शोधण्याची पाळी आतां आमच्या विद्यार्थ्यांची आहे.